भुईमुगाचा देश आणि ममादू दिया

सेनेगलचे पहिले पंतप्रधान ममादू दिया यांच्याविषयी जे काही लिहिलं गेलं आहे ते बहुतेक सगळं १७ डिसेंबर १९६२ या एका दिवसाभोवती फिरतं. त्या दिवशी सशस्त्र पोलिसांनी डाकारच्या संसदभवनातून खासदारांना बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान स्वतः अटकेत होते. दियांनी उठाव केला की दियांविरुद्ध उठाव झाला, हा वाद साठ वर्षं चालू आहे. वाद महत्त्वाचा आहे, पण त्या एका दिवसाकडे टक लावून पाहिल्याने तो सुटेल असं मला वाटत नाही. दियांची आधीची पंधरा वर्षं आणि सेनेगलचा भुईमूग, या दोन गोष्टी समोर ठेवल्याशिवाय तो दिवस कळत नाही.

दियांचा जन्म १९१० सालचा, थिएस भागातल्या खोंबोलचा. हा सगळा भुईमुगाचा पट्टा. फ्रेंच वसाहतीत सेनेगलचे दोन भाग होते. डाकार, सँ-लुई, गोरे आणि रुफिस्क या चार नगरांत जन्मलेल्या आफ्रिकी माणसांना फ्रेंच नागरिकत्व होतं, मतदान होतं, पॅरिसला प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क होता. बाकीचा सगळा मुलूख ‘प्रजा’ होता. १९४६ पर्यंत या प्रजेला वेठबिगार होती आणि तिच्यासाठी शिक्षेचे नियमही वेगळे होते. खोंबोल या दुसऱ्या भागात येतं. विल्यम पाँती ही वसाहतीतली सर्वांत नावाजलेली अध्यापक शाळा. आयव्हरी कोस्टचे उफुए-बुआन्यी, फ्रेंच सुदानचे मोदिबो केइता आणि नायजरचे हमानी दियोरी तिथूनच शिकून बाहेर पडले. दियाही तिथलेच. शिकून ते शिक्षक झाले आणि पुढे फातिकला मुख्याध्यापक. त्यांचं राजकारण सुरू झालं ते गावातल्या शाळेतून, शेतकऱ्यांची मुलं शिकवता शिकवता. वर्तमानपत्रांतून लिहायला लागले तेही गावाविषयीच.

लेओपोल्ड सेदार सेंघोर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. कवी, पॅरिसमध्ये शिकलेले, फ्रेंच संसदेचे सभासद, धर्माने कॅथलिक. दिया श्रद्धाळू मुसलमान, मितभाषी, आकडेमोडीत रमणारे. १९४८ मध्ये दोघांनी मिळून फ्रेंच समाजवाद्यांची साथ सोडली आणि सेनेगली लोकशाही गट हा स्वतःचा पक्ष काढला. जुने पुढारी लामीन गेय यांची ताकद नगरांत होती, या नव्या पक्षाची खेड्यांत. सेंघोर हे पक्षाचं नाव आणि वाणी होते, बांधणी दियांची होती. गावोगाव शाखा, सभासदांच्या याद्या, मताधिकार नव्याने मिळालेल्या शेतकऱ्यापर्यंत पोचणं, हे काम त्यांनी सरचिटणीस म्हणून केलं. १९५१ च्या निवडणुकीत पक्षाने फ्रेंच संसदेच्या दोन्ही जागा जिंकल्या आणि लामीन गेय पडले. अकरा वर्षांनी याच लामीन गेय यांच्या घरी दियांच्या सरकारचा शेवट व्हायचा होता.

दिया स्वतः १९४८ पासून पॅरिसमध्ये होते, आधी सिनेटमध्ये, मग १९५६ पासून संसदेत. त्या वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि आफ्रिकेतल्या सहकारी चळवळीवर पुस्तक लिहिलं. फ्राँस्वा पेरू या अर्थतज्ज्ञाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पंतप्रधान झालेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांपैकी शेतमालाच्या बाजाराचा इतका बारकाईने विचार केलेला दुसरा माणूस मला दिसत नाही.

तो बाजार कसा चाले ते थोडक्यात सांगायला हवं. सेनेगलच्या निर्यातीतला सुमारे चार-पंचमांश वाटा भुईमुगाचा, म्हणजे शेंगदाणे, तेल आणि पेंड यांचा. शेतकरी आपली जमीन भुईमुगाखाली आणी आणि खायचा तांदूळ विकत घेई. तो तांदूळ इंडोचीनमधून जहाजाने येई. पावसाळ्यात कोठार रिकामं झालं की व्यापारी तांदूळ आणि बियाणं उधारीवर देई. काढणी झाली की त्या उधारीपोटी शेंगा आपल्या भावाने घेई, आणि वजनकाटाही त्याचाच असे. साखळीच्या तळाशी गावचा अडत्या, मध्ये बरेचदा लेबनीज किंवा सीरियन व्यापारी, आणि वर बोर्दो-मार्सेयच्या मोठ्या पेढ्या. सावकारीचा हा व्यवहार मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. सेनेगलमध्ये त्याला आणखी एक अंग होतं. मुरीद पंथाच्या माराबूंनी, म्हणजे मुस्लिम पीरांनी, नवी जमीन लागवडीखाली आणली होती. त्यांचे हजारो अनुयायी त्यांच्यासाठी भुईमूग पिकवत. फ्रेंच सरकार, व्यापारी पेढ्या आणि पीर या तिघांचं या पिकावर छान जमलेलं होतं. वर फ्रान्स जागतिक बाजारापेक्षा चढा हमीभाव देई, त्यामुळे ही सगळी घडी बसलेली राही.

१९५६ च्या कायद्याने फ्रान्सने वसाहतींना मर्यादित स्वराज्य दिलं, आणि ते देताना पश्चिम आफ्रिकेच्या आठ प्रदेशांचा एकत्र संघ मोडून प्रत्येकाला वेगळं सरकार दिलं. सेंघोर आणि दिया या तुकडे पाडण्याच्या ठाम विरोधात होते. तरीही १९५७ मध्ये सेनेगलच्या पहिल्या सरकारची धुरा दियांनी घेतली, आधी फ्रेंच राज्यपालाच्या हाताखाली उपाध्यक्ष म्हणून आणि १९५८ पासून मंत्रिमंडळाचे प्रमुख म्हणून. राजधानी सँ-लुईहून डाकारला आणण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारचा.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये द गॉल डाकारला आले तेव्हा सेंघोर आणि दिया दोघेही देशात नव्हते. दिया स्वित्झर्लंडमध्ये उपचार घेत होते, सेंघोर फ्रान्समध्ये होते. स्वातंत्र्याची मागणी करणारे फलक घेऊन उभ्या असलेल्या जमावासमोर सरकारतर्फे गृहमंत्री वाल्दियोदियो न्दियाय बोलले. सप्टेंबरच्या सार्वमतात फ्रेंच समुदायात राहायचं की नाही यावर दियांचा कल ‘नाही’कडे होता आणि सेंघोरांचा ‘हो’कडे. शेजारच्या गिनीने ‘नाही’ म्हटलं आणि ताबडतोब स्वातंत्र्य घेतलं. सेनेगलने ‘हो’ म्हटलं, कारण दियांनी सेंघोरांचं ऐकलं. पुढच्या सगळ्या घडामोडींची बीजं मला या नमतं घेण्यात दिसतात. मतभेद झाले की सेंघोर राजकीय हिशेब मांडत आणि दिया मैत्रीला जागत. १९६२ च्या डिसेंबरपर्यंत असंच चाललं.

मालीचा संघ हा तुकडेपणावर शोधलेला उपाय होता. सेनेगल आणि फ्रेंच सुदान यांनी एकत्र येऊन तो स्थापला. त्याच्या स्वातंत्र्याच्या करारावर ४ एप्रिल १९६० रोजी पॅरिसमध्ये सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत दिया होते, आणि ती तारीख आजही सेनेगलचा राष्ट्रीय दिन आहे. २० जूनला संघ स्वतंत्र झाला. केइता सरकारचे प्रमुख आणि दिया उपप्रमुख होते. दोन महिन्यांत, १९-२० ऑगस्टच्या रात्री, सैन्याचा ताबा आणि राष्ट्राध्यक्षपद कुणाकडे यावरून संघ फुटला आणि सेनेगल एकटा स्वतंत्र झाला. सप्टेंबरमध्ये सेंघोर राष्ट्राध्यक्ष झाले आणि दिया पंतप्रधान.

नव्या घटनेत देशाचं धोरण ठरवण्याचा अधिकार पंतप्रधानांचा होता आणि ते संसदेला जबाबदार होते. राष्ट्राध्यक्ष सात वर्षांसाठी निवडलेले, सन्मानाचे, संस्थांचे राखणदार. भारतीय वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल, पण एक फरक होता. इथले राष्ट्राध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेही प्रमुख होते, आणि पंतप्रधान त्याच पक्षाचे पुढारी.

दियांनी ज्या वेगाने काम सुरू केलं ते त्या काळच्या आफ्रिकेत विरळा होतं. लुई-जोसेफ लब्रे हे फ्रेंच डोमिनिकन धर्मगुरू आणि विकासाचे अभ्यासक त्यांनी आधीच बोलावून घेतले होते. लब्रे यांच्या पथकाने गावं, पिकं, आहार, वाहतूक, शाळा असं सगळं मोजून काढलं आणि त्यावरून १९६१ ची चार वर्षांची योजना उभी राहिली. शेतमालाच्या खरेदीसाठी १९६० मध्ये सरकारी महामंडळ निघालं. शेंगा सहकारी संस्थेत तोलून द्यायच्या, संस्थेने महामंडळाला द्यायच्या, बियाणं आणि अवजारं संस्थेमार्फतच मिळणार. अडत्याला आणि पेढीला या साखळीत जागाच उरली नव्हती. त्याच्या जोडीला ‘ग्रामीण जागृती’ची मोहीम होती. गावकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेल्या तरुणांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आणि परत गावात पाठवायचं, म्हणजे अधिकारी आदेश देतो आणि गाव मान डोलावतं ही जुनी रीत मोडेल. रोलाँ कोलँ हे फ्रेंच अधिकारी दियांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींतून या कामामागची कळकळ समजते.

दियांच्या हयातीतलं सर्वांत मोलाचं काम मी हेच मानतो, आणि त्यांचे शत्रूही याच कामातून तयार झाले. पेढ्यांचा धंदा बुडत होता. त्यांच्याशी नाती असलेल्या खासदारांची अडचण होत होती. पीरांना बियाणं, कर्ज आणि सरकारी मेहरबानी यांतून मिळणारा मधला वाटा आटत होता. खुद्द श्रद्धावान असलेल्या दियांनी पीरांपुढे तसं झुकणं कधी पसंत केलं नाही. मुरीदांचे खलीफा फालिलू म्बाके सेंघोरांच्या बाजूने होते. बहुसंख्य मुसलमान देशात पीरांनी कॅथलिक राष्ट्राध्यक्षाला साथ दिली, यावरून हा झगडा धर्माचा नव्हता एवढं तरी स्पष्ट व्हावं. ८ डिसेंबर १९६२ रोजी डाकारमधल्या एका परिसंवादात दियांनी वसाहतीची जुनी व्यापारी अर्थव्यवस्था मुळापासून बदलण्याची जाहीर हाक दिली. सहा दिवसांनी अविश्वासाचा ठराव दाखल झाला.

दियांची दुसरी बाजू झाकून हा आढावा पुरा होणार नाही. त्यांच्याच सरकारने १९६० मध्ये सँ-लुईतल्या दंगलीनंतर आफ्रिकी स्वातंत्र्य पक्षावर बंदी घातली. १९६२ च्या उन्हाळ्यात इतिहासकार आणि विरोधी नेते शेख अन्ता दियोप यांना दियूर्बेलच्या तुरुंगात टाकण्यात आलं, तेही याच सरकारच्या काळात. संघ फुटल्यापासून लागू केलेली आणीबाणी दियांनी वाढवत नेली, आणि ती उठवावी ही खासदारांची तक्रार खोटी नव्हती. ठराव आणणाऱ्यांचे हितसंबंध काहीही असोत, तो आणण्याचा त्यांना घटनेने हक्क दिला होता.

दियांचं म्हणणं असं की पक्ष संसदेच्या वर आहे. हे सरकार पक्षाने नेमलं, तेव्हा त्याचं काय करायचं ते आधी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेत ठरू द्या. परिषद जवळच येऊन ठेपली होती आणि तिथे बहुमत दियांचं होतं. १७ डिसेंबरला त्यांनी संसदभवन रिकामं करवलं आणि चार खासदारांना अटक करवली. मग निम्म्याहून अधिक खासदार संसदेचे अध्यक्ष लामीन गेय यांच्या घरी जमले आणि त्यांनी ठराव मंजूर केला. सेंघोरांनी सरसेनापती बदलून जाँ-आल्फ्रेड दियालो यांना नेमलं, छत्रीधारी सैनिकांनी मोक्याच्या जागा ताब्यात घेतल्या. डाकारमध्ये असलेली फ्रेंच फौज उघडपणे उतरली नाही. १८ तारखेला दिया, वाल्दियोदियो न्दियाय, इब्राहिमा सार, जोसेफ म्बाय आणि आलियून ताल पकडले गेले. इब्राहिमा सार म्हणजे १९४७-४८ चा डाकार-नायजर रेल्वेचा ऐतिहासिक संप चालवणारे कामगार नेते. सेंबेन उस्मान यांच्या प्रसिद्ध कादंबरीला त्या संपाचा आधार आहे.

उठाव कुणाचा, या प्रश्नावर माझं मत सांगतो. दियांची कृती चूक होती. ज्या संसदेला आपण जबाबदार आहोत तिचं दार बंद करण्याचा अधिकार कुठल्याच पंतप्रधानाला नाही, आणि पक्षाची परिषद ही त्याला पळवाट होऊ शकत नाही. पण सत्ता बळकावण्यासाठी उठाव करणारा माणूस आधी रेडिओ, छावणी आणि राष्ट्राध्यक्षाचा वाडा पाहतो. दियांनी यातल्या कशालाही हात लावला नाही. त्या दिवशी सत्ता त्यांच्याच हातात होती. चुकीच्या कृत्याची शिक्षा सरकार जाणं ही होती, आणि ती ठरावाने झालीच होती. जन्मठेपेचं समर्थन मला कुठे सापडत नाही.

मे १९६३ मध्ये खटला चालला तो साध्या न्यायालयात नाही. उच्च न्यायासन नावाचं जे विशेष न्यायालय बसलं त्यात न्यायाधीश म्हणून खासदार होते, म्हणजे ज्या संसदेने दियांना पाडलं तिचेच सभासद. वकिलांत तरुण अब्दुलाय वाद होते, जे २००० मध्ये सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि रोबेर बादँतेर, ज्यांनी पुढे फ्रान्सचे न्यायमंत्री म्हणून फाशीची शिक्षा रद्द केली. दियांना जन्मठेप, न्दियाय, सार आणि म्बाय यांना वीस-वीस वर्षं, ताल यांना पाच. फिर्यादी पक्षाचे वकील उस्मान कामारा यांनी २०१० मध्ये आत्मचरित्र लिहून या खटल्याविषयीची आपली अस्वस्थता मांडली. तोवर दिया जाऊन एक वर्ष झालं होतं.

देशाच्या आग्नेय टोकाला, डाकारपासून सुमारे सातशे किलोमीटरवर केदुगू आहे. तिथल्या तुरुंगात दियांनी मार्च १९७४ पर्यंतचा काळ काढला. पूर्ण माफी मिळाली ती १९७६ मध्ये. तोवर बाहेर काय झालं होतं? मार्च १९६३ च्या सार्वमताने पंतप्रधानपदच रद्द झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधल्या निवडणुकीच्या दिवशी डाकारमध्ये निदर्शकांवर गोळीबार होऊन अनेक माणसं मेली. सहकारी संस्था नावाला राहिल्या, पण १९६६ मध्ये नव्या सरकारी महामंडळाच्या दावणीला बांधल्या गेल्या. फ्रान्सने दशकाच्या शेवटाला चढा भाव देणं थांबवलं, पाऊस रुसला, आणि कर्जाखाली दबलेले शेतकरी भुईमूग सोडून ज्वारी-बाजरीकडे वळले. ते महामंडळ शेवटी १९८० मध्ये प्रचंड कर्ज मागे ठेवून गुंडाळावं लागलं. दियांची योजना पुरी झाली असती तर यश आलं असतंच, असं मी म्हणणार नाही, कारण सरकारी खरेदीचे रोग तिलाही जडले असते. पण शेतकऱ्याला निर्णयात घेण्याचा जो भाग तिच्यात होता तो आधी कापला गेला आणि नोकरशाही तेवढी वाढली.

दियांचं नशीब शेजाऱ्यांच्या रांगेत ठेवून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. पश्चिम आफ्रिकेत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंतप्रधान झालेले बहुतेक पुढारी थोड्याच काळात राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुनी खुर्ची त्यांनी मोडीत काढली किंवा पोकळ केली. घानात एन्क्रुमा १९६० मध्ये, आयव्हरी कोस्टमध्ये उफुए-बुआन्यी त्याच वर्षी, गाम्बियात जवारा १९७० मध्ये. टोगोचे सिल्व्हानस ओलिंपियोही याच वाटेने गेले आणि दियांच्या अटकेनंतर महिनाभरातच, १३ जानेवारी १९६३ ला, सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले. नायजेरियाचे अबुबकर तफावा बलेवा अखेरपर्यंत पंतप्रधानच राहिले आणि १९६६ च्या जानेवारीतल्या उठावात मारले गेले. एकाच पक्षातला, एकाच पिढीतला मित्र डोक्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून ठेवून खरोखर राज्य चालवण्याचा प्रयत्न करणारे या रांगेत दिया एकटेच. त्यांनी सेंघोरांना बाजूला सारून स्वतः राष्ट्राध्यक्ष होण्याचा प्रयत्न कधी केला नाही.

म्हणूनच ‘एका म्यानात दोन तलवारी’ छापाचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. सेंघोरांच्या काळात ते अधिकृत स्पष्टीकरण झालं: घटनाच सदोष होती, सत्तेला दोन डोकी होती, म्हणून ती मोडली. पण दोन वर्षं ती घटना चालली. भुईमुगाची खरेदी महामंडळाकडे जाईपर्यंत आणि सहकारी संस्था गावात रुजू लागेपर्यंत कुणाला ती असह्य झाली नाही. अविश्वासाच्या ठरावाला मतं देणाऱ्यांना दोन डोक्यांची अडचण नव्हती. एक डोकं काय करतंय याची होती.

सुटल्यानंतरचे दिया वेगळ्याच अर्थाने महत्त्वाचे आहेत. दृष्टी जवळजवळ गेली होती, तरी त्यांनी नियतकालिक काढलं, १९८१ मध्ये पक्ष काढला, १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि त्यांना अगदी किरकोळ मतं मिळाली. खेड्यांत त्यांना ओळखणारी पिढी म्हातारी झाली होती. १९८५ मध्ये आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यांच्याच बचावाचे एके काळचे वकील वाद सत्तेवर आल्यानंतर त्यांच्यावरही त्यांनी जाहीर टीका केली. २५ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, डाकारमध्ये ते वारले. २०१२ मध्ये उस्मान विल्यम म्बाय यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि शाळेच्या पुस्तकात ज्यांनी हे नाव जेमतेम वाचलं होतं अशा तरुणांनी तो पाहिला.

पंतप्रधानपदाचं काय झालं तेही सांगायला हवं. १९७० मध्ये सेंघोरांनी ते परत आणलं आणि अब्दू दियूफ यांना बसवलं, पण आता पंतप्रधान राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीचा होता. तेच दियूफ १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८३ मध्ये त्यांनी हे पद रद्द केलं. १९९१ मध्ये ते पुन्हा आलं, २०१९ मध्ये माकी साल यांनी पुन्हा काढलं आणि २०२१ च्या अखेरीस परत आणलं. देशाच्या घटनेतलं एक पद इतक्या वेळा येतं आणि जातं, कारण ते कधी गरजेप्रमाणे ठेवलेला मदतनीस असतं तर कधी धोका.

एप्रिल २०२४ मध्ये या खुर्चीवर उस्मान सोन्को बसले. ते आपल्या पक्षाचे संस्थापक आणि लोकप्रिय चेहरा. स्वतःला निवडणूक लढवता आली नाही म्हणून त्यांनी सहकारी बासिरू दियोमाय फाय यांना पुढे केलं आणि फाय राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्षाने संसदेच्या १६५ पैकी १३० जागा जिंकल्या. सोन्को दियांचं नाव आदराने घेतात आणि डाकारच्या द गॉल मार्गाला दियांचं नाव देण्याचा निर्णयही याच राजवटीचा. १९६२ नंतर पहिल्यांदाच पंतप्रधानाच्या मागे राष्ट्राध्यक्षाहून मोठं असं स्वतःचं लोकबळ उभं राहिलं. घटना मात्र अजून १९६३ च्याच वळणाची आहे, पंतप्रधानाला नेमणारा आणि काढणारा राष्ट्राध्यक्ष. दियांच्या खटल्याची फेरतपासणी व्हावी ही त्या पाचही कुटुंबांची आणि अनेक इतिहासकारांची जुनी इच्छा आहे. माझ्या मते नावाच्या पाटीआधी सरकारने ते काम हाती घ्यायला हवं होतं. १९६३ च्या त्या न्यायासनाचा निकाल कायद्याच्या पुस्तकात अजून जसाच्या तसा आहे. माफीने शिक्षा पुसली, आरोप पुसला नाही.